हॉइटचा ट्रक अचानक सरळ झाला

ओलेटा,

तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याच्या कानात काय भरलंय ते मला कळलंच पाहिजे. फोन करत नाही, कारण तुमच्याकडे फोन व्हर्लिनच उचलतो आणि "ओलेटा बाहेर गेलीय" म्हणतो, मागून तुझी शिंक ऐकू येत असते तरी.

(रीत राहिली. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवते म्हणतेस, मग मागल्या पत्रात तीन पानं नुसता गुडघाच कसा होता? आम्ही बरे आहोत. वारा आहे, धूळ आहे, कापूस जेमतेम आहे. पुढे.)

तर ट्रक. ईस्टर झाल्यावर आम्ही मागे तो पलंगांचा, राहायचा ट्रेलर जोडून तळ्यावर मासे धरायला निघालो, तर दमलेली गाय चिखलात बसावी तसं ट्रकचं मागचं बसलं आणि तोंड वर. अंधार पडायला लागला तसे आमचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मिचकावत होता. मला वाटलं ओळखीचे आहेत, मी तळ्यापर्यंत हात हलवत राहिले. हॉइट म्हणतो ट्रेलर रिकामा आहे, दोन गळ आणि कॉफीचं भांडं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन अंगणात उभं राहिल्यावर मी म्हटलं, "मग मागचं कशानं बसलंय?" म्हणाला, "रस्त्यानं." म्हटलं, "गाडी उभी आहे, हॉइट." म्हणाला, "रस्ता पण उभाच आहे," आणि टोपी डोळ्यांवर ओढली. हा माणूस खोटं बोलला की टोपी खाली येते, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आपल्याकडचं तुला ठाऊक आहे. चर्च सुटलं की बायका आत केक कापतात आणि पुरुष बाहेर मागच्या खिशात हात घालून दुसऱ्याच्या ट्रकचं ढुंगण बघत उभे राहतात, मयताला आल्यासारखे. तळ्यावरून परस्पर चर्चला गेलो होतो, ट्रेलर मागे होताच. डॉयल (तोच, कापसाच्या जिनवर वजनकाटा सांभाळतो तो) म्हणाला, "हॉइट, आत सासू भरलीयस का?" सगळे हसले. आपली आई जाऊन दोन वर्षं झाली, हे एकाच्याही ध्यानात नाही. हॉइटनं मात्र केकही न खाता गाडी काढली. ट्रक बसला की पुरुषाचं काय बसतं देव जाणे.

पुढच्या आठवड्यात ट्रक सरळ. ट्रेलर जोडलेला, तरी सरळ. बंपरवर गवंड्याची पाणसळ ठेवून मला हाक मारतो, "नेल्डा, बघ, बुडबुडा अगदी मध्यावर." मी बुडबुडा नाही बघितला, खाली वाकून बघितलं. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर दोन रबरी फुगे बसवलेत, हवा भरायचे. व्हर्लिननं वाढदिवसाला पाठवले म्हणे. हॉइटचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. आणि ट्रेलर रिकामा आहे तर फुगे कशाला? पोट सुटलेल्यानं पट्टा आवळला म्हणून पोट जातं का? वजन तिथंच आहे, फक्त दिसेनासं केलंय, आणि जे दिसेनासं करतात ते मला बघायचं असतं.

हॉइट शेजाऱ्याबरोबर गुरांच्या बाजाराला गेला, तशी मी ट्रेलरसकट ट्रक काढला आणि जिनवर नेला. दिसायला गाडी नवरदेवासारखी, पण स्टिअरिंग हातात असं हलकं, जशी कागदाची ताटली धरलीय. वळणावर ट्रक आधी विचार करायचा, वळू की नको. डॉयलनं पुढची चाकं वेगळी तोलली, मागची वेगळी, आणि या वेळी हसला नाही. "नेल्डाबाई, फुग्यांनी मागचं उचललंय, पण पुढच्या चाकांवर वजन आलेलंच नाही. हा सरळ दिसतोय, सरळ नाही. ट्रेलरच्या पुढच्या भागात काय भरलंय?" मी म्हटलं, "दोन गळ." म्हणाला, "देवमासे धरायचेत वाटतं."

मी तिथंच पुढच्या पलंगाची फळी उचलली. हॉइटच्या बापाचा, कामाच्या बाकावरचा लोखंडी शिकंजा. अवजारांची पेटी. माझे सगळे बिडाचे तवे (मी शेजारणीवर आळ घेतला होता, तो अजून मागे घेतलेला नाही). हिवाळ्याची घोंगडी, आणि घोंगडीत गुंडाळलेली स्वयंपाकघराच्या चौकटीची ती फळी, जिच्यावर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. घरी येऊन बघितलं तर चौकटीला नवीकोरी फळी, रंगवून. रोज तिथून जाते आणि मला दिसली नाही.

ती फळी काढणारा माणूस मासे धरायला जात नाही, ओलेटा. तो परत न येण्यासाठी जातो. तुमच्यासारखं घर विकून चाकांवर राहायचं व्हर्लिननं त्याच्या डोक्यात घातलंय, हे मला समजलं. समजत नाही ते एवढंच, की मला घेऊन की मला सोडून. त्या पलंगाखाली तव्यांशिवाय माझं काहीएक नव्हतं, आणि तवे काय, अंडी त्यालाही लागतात. मी विचारलेलं नाही. सगळं होतं तसं ठेवून पलंगाची फळी लावली होती आणि रात्री त्याला गार बीन्स वाढल्या.

तुझी थोरली बहीण,
नेल्डा

ता. क. पत्र बंद करण्याआधी ट्रेलरमध्ये पुन्हा जाऊन आले. पलंगाशेजारी, खाली, नवी खुंटी ठोकलीय. हॉइट दारातून वाकून आत येतो. एवढ्या खाली झगा अडकवणारं आमच्या घरात एकच माणूस आहे, आणि ते हे पत्र लिहितंय.

ता. क. दुसरा, दोन दिवसांनी. शिवणयंत्र काल मी आत ठेवलं, बरोबर चाकांच्या वर. भरायची अक्कल कुणाला तरी हवी. हॉइटला सांगू नकोस. व्हर्लिनला तर नाहीच.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. ट्रेलरचं वजन पुढच्या चाकांवर ढकलणारे ते दोन लोखंडी दांडे व्हर्लिनच्या शेडमध्ये गंजत पडले असतील. तुमचा ट्रेलर आता कुठं हलतोय? ते माझ्या नावानं पाठव. फुग्यांच्या भरवशावर एवढ्या लांब मी यायची नाही. आणि तुमच्या शेजारची ती लिंबाच्या झाडाखालची, ट्रेलर लावायची जागा रिकामी आहे का, ते शुक्रवारपर्यंत कळव. शनिवारी हॉइट मला विचारणार, ‘शनिवारी सांगतो, येतेस का’ असं दोन दिवस आरशासमोर पुटपुटतोय. मी आधी ‘नाही’ म्हणणार आहे. जागा नसेल, तर ते ‘नाही’ खरं करावं लागेल.