दादाच्या माइकची पट्टी

वहिनी,

सकाळी सात दहाला साउंड मिक्सरवर पुन्हा बिघाडाचं ‘ई-०४’ उमटलं. आठवडाभर मी ते बटण दाबून पुसत होतो, चूक माझी. मिक्सरच्या माहितीपुस्तकात आज पाहिलं: आतली बॅटरी संपत आली आहे, मिक्सर बंद केला की साठवलेलं सगळं जाईल. दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी मये गावच्या नाटकासाठी त्याने स्वतःच्या आवाजाची जुळवणी केली, ती त्यातच आहे. बॅटरी आणायला पणजीला जातो. गडगडलं तरी नेहमीसारखा प्लग काढू नको. वीज गेली तर इलाज नाही.

काल तू म्हणालीस, “भावजी, मिक्सरवरची ह्यांच्या माइकचा आवाज वाढवायची पट्टी आपसूक वर गेली,” तेव्हा मी हसलो. आत्ता निघताना ती पुन्हा वर गेली. मी दारात होतो.

उल्हास