सुभेदार वाडीवरच राहिला

नगर,
एप्रिल १९७३

प्रिय कमल,

मागच्या सोमवारी तुझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं. तुला जाऊन तीन महिने झाले, पण पोस्टमनला काय माहीत! "तुमच्या मंडळींचं आहे," म्हणाला आणि गॅरेजच्या बाकावर ठेवून गेला. माझे हात ऑइलनं भरले होते. ते पुसले आणि मग वाचलं.

"सौ. ताईंना ठकूबाईचा नमस्कार. कुत्रा खुशाल आहे. शेळ्यांमागे जातो. होळीला येते म्हणाला होतात, वाट पाहिली. तब्येत बरी आहे ना?" खाली वाडीच्या मास्तरांची सही.

कुत्रा खुशाल आहे! मी ते कार्ड चारदा वाचलं. कमल, सुभेदार जिवंत आहे हे तुला माहीत होतं?

तुझ्या नावानं अजून कुणीतरी पत्र टाकतं, हे पाहून मलाही लिहावंसं वाटलं. तू समोर होतीस तेव्हा बोलायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

ती गाडी मला कधीच नको होती, हे तरी आता सांगू दे. लिलावातली जुनी अँब्युलन्स. मी तिचे स्पेअर काढून विकणार होतो. तू गॅरेजवर डबा घेऊन आलीस, मागचं दार उघडून आत बसलीस आणि उतरेचनास. "अहो, यात झोपायच्या फळ्यासुद्धा आहेत. स्टोव्ह ठेवला की घरच झालं की हे!" तुझे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. तुझं लहानपण तंबूत गेलं, आज इथे तर महिन्यानं तिथे. लग्न होऊन नगरच्या दोन खोल्यांत आलीस आणि वीस वर्षं काही मागितलं नाहीस. मग गाडी मागितलीस. नाही कसं म्हणणार होतो?

आणि गाडीमागोमाग लिलावाच्या आवारातलं ते दांडगं कुत्रं पळत आलं, थेट गॅरेजपर्यंत! मी हाकललं तरी गेलं नाही. तू त्याचा रुबाब पाहून सुभेदार नाव ठेवलंस. घरी आपली ठिपक्याठिपक्यांची कुत्री, बुंदी, होतीच. आपल्या शैलाचं लग्न होऊन ती राहुरीला गेली होती, घर रिकामं झालं होतं. तुला वाटलं, आता आपण चौघं हिंडायला मोकळे.

हिंडलो. दोन वर्षं, जमेल तेव्हा. संगमनेर, अकोले, राजूर, मग पुढे रतनवाडीच्या रस्त्याला, ठकूबाईंच्या वाडीपर्यंत. तू ते दिवस किती गोड करून सांगायचीस शैलाला! धुक्यातला चहा, ओढ्याचं पाणी, सकाळी दार उघडलं की समोर डोंगर. खरंच होतं ते. पण चढावर इंजिन तापलं की रेडिएटरसाठी पाणी शोधत मैलभर कोण जायचं? वळणावर सुभेदार ओकला की फळीखालचं कोण पुसायचं? ओल्या कुत्र्यांचा तो वास! गोचिड्या तर माझ्या कानापर्यंत आल्या होत्या. तू हसायचीस. "डोंगरात आलोय तर डोंगर अंगाला लागणारच," म्हणायचीस. मीही हसायचो. कमल, त्यातलं निम्मं हसणं खोटं होतं.

आणि खाली नगरात लोकांची बोलणी वेगळीच. गेल्या साली नळाला चार-चार दिवसांनी पाणी येत होतं. शेजारच्या बायका तुझ्या तोंडावर म्हणाल्या, "मानसाला प्यायला न्हाई आन ही कुत्र्याची पातेली भरती." लोक खडी फोडायला जात होते, रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते, आणि आपण कुत्री घेऊन डोंगरात! मला लाज वाटायची. तू आपल्या वाटणीच्या पाण्यातूनच त्यांना पाजायचीस, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दसऱ्यानंतरच्या त्या खेपेला मी यायलाच नको होतं. दुष्काळाचं धान्य वाहणारे ट्रक एकामागून एक बिघडून गॅरेजला येत होते. महिनाभर मी पाठ टेकली नव्हती. तू म्हणालीस, "दोन दिवस चला, विश्रांती मिळेल." विश्रांती! वाडीच्या अलीकडे चढावर क्लच गेला. पहिला दिवस त्यातच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारनं उरलेल्या सगळ्या भाकरी खाल्ल्या, फडक्यासकट. तू हंडा घेऊन ओढ्याला गेलीस. मी गाडीखाली उताणा पडलेलो, आणि तो बंपरला बांधलेला, सारखा ओढत होता. प्रत्येक हिसड्याला गाडी हलायची आणि माती माझ्या डोळ्यांत पडायची. एकदा ओरडलो. दोनदा ओरडलो.

मग मी बाहेर आलो आणि त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला.

तो गेला नाही. शेपूट हलवत उभा राहिला. त्याला वाटलं फिरायला चाललोय. मी दगड उचलला आणि मारला. पहिला पायाला लागला. तरी तो माझ्याकडेच बघत होता. म्हणून दुसरा मारला. मग तो लंगडत कारवीच्या झुडपांत शिरला.

पाच मिनिटं मला इतकं शांत वाटलं! ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते.

मग तू येशील म्हणून घाबरलो. खिशातला चाकू काढून पट्टा कापला आणि बंपरशी टाकून दिला. तू आलीस, तेव्हा म्हणालो, "पट्टा तुटला. पळालं ते." तू पट्टा हातात घेऊन पाहिलास. हंडा खाली ठेवलास आणि हाका मारत गेलीस ती संध्याकाळीच आलीस.

तिसऱ्या दिवशी क्लच कसाबसा लागला. खाली एका ट्रकचं इंजिन मी उघडं टाकून आलो होतो. "चल," म्हणालो. तू म्हणालीस, "तुम्ही जा. मी ठकूबाईंकडे राहते आणि शोधून येते." आणि मी गेलो! तुला परक्या वाडीत ठेवून, बुंदीला घेऊन गेलो. उतारावर एकदासुद्धा गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर सगळं सांगून टाकलं असतं.

पाचव्या दिवशी तू एसटीनं आलीस. पायाला फोड आले होते. मी विचारलं, "सापडला?" तू चूल पेटवत म्हणालीस, "कुणीतरी ठेवून घेतला असेल. तुम्ही हात धुवा." त्यानंतर डोंगराचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, तुझं मन उडालं. बिबट्यानं खाल्लेला सुभेदार मला डोळ्यांसमोर दिसायचा आणि मी गप्प राहायचो. पौषात तुला कावीळ झाली. दवाखान्यात दहा दिवस तुझ्या उशाशी होतो. दहा दिवस! तेवढ्या दिवसांत किती वेळा सांगता आलं असतं. तू गाडीच्या बॅटरीत पाणी घातलंत का विचारायचीस, आणि मी "घातलं" म्हणायचो. तेही खोटंच होतं.

कार्ड आल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी बुंदीला घेतलं आणि निघालो. गाडी तीनदा तापली. तू नव्हतीस, म्हणून कुणी गाणं म्हटलं नाही.

ठकूबाई अंगणात नागली पाखडत होत्या. माझ्यामागे बघत म्हणाल्या, "बाई कुटं हायती?" मी सांगितलं. सूप तसंच हातात धरून त्या खाली बसल्या. "आन आमी हितं होळीला पुरन घातलं बाईसाठी," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. म्हातारीला रडताना बघून मला पहिल्यांदा रडू आलं. तुझ्या दहाव्यालाही आलं नव्हतं.

मग त्यांनीच सांगितलं. तुझ्या शोधाच्या तिसऱ्या दिवशी सुभेदार आपण होऊन त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्याशी आला होता. पाय सुजलेला. तू हळद लावलीस, रात्रभर त्याच्याजवळ बसलीस. सकाळी म्हणालीस, याला इथेच ठेवा.

"म्या म्हनलं, का ओ बाई? एवडं पाय झिजवलं ह्याच्यासाठी आन आता न्हेत न्हाई?" ठकूबाई सांगत होत्या. "तर म्हनल्या, पट्टा तुटला न्हाई, कापलाय. घरचं मानूस लई थकलंय, ठकूबाई. मलाच उमगाया उशीर झाला. आता त्याला कुनी वढाया नको."

कमल, हे तू मला का नाही म्हणालीस?

रागावली असतीस तर बरं झालं असतं. पट्टा माझ्या तोंडावर फेकला असतास तरी चाललं असतं. तू माझ्या थकव्यापायी तुझं कुत्रं दिलंस, तुझा डोंगर सोडलास आणि मला पिठलं वाढलंस. ही माया होती की शिक्षा? मी येताना सगळ्या रस्त्यानं हेच विचारत होतो. माया असेल तर मी तिच्या लायक नव्हतो. शिक्षा असेल तर पुरी झाली. आणि होळीला तू एकटीच येणार होतीस? मला काय सांगणार होतीस, शैलाकडे जाते म्हणून?

बघ, तुझ्यावरच चिडतोय. माझा स्वभाव!

दुपारी शेळ्या उतरल्या. मागे सुभेदार. अंगानं भरलाय, एक कान फाटलाय. बुंदी वेडी झाली, त्याच्या अंगावरून उड्या मारत होती. त्यानं आधी गाडी हुंगली, चारही चाकांवर रीतसर पाय वर केला, मग माझ्याकडे आला. मी खाली बसलो. हात पुढे करायची हिंमत होत नव्हती. तो दोन हातांवर थांबला. जवळ आला नाही, पळालाही नाही. मी "सुभेदार" म्हणालो तेव्हा शेपूट हलली. थोडीच हलली. तेवढीही मी मागू शकत नव्हतो.

"न्या त्याला," ठकूबाई म्हणाल्या. "तुमचंच हाय." पण त्यांचा नातू शेळ्या सोडून दारात येऊन उभा राहिला होता आणि ठकूबाई माझ्याकडे न बघता नागली पाखडत होत्या.

मी म्हणालो, "तुमचं काम करतोय तो. राहू द्या."

"मंग तुमी तरी येत जावा. बाई न्हाईत म्हून वाट मोडू नका."

मी "येईन" म्हणालो. मनापासून म्हणालो की नाही, मला ठाऊक नाही. मी फार थकलोय, कमल. कंबर धरते, उजव्या डोळ्यानं घाटातलं वळण नीट दिसत नाही. डोंगर मला अजूनही तुझ्याइतका आवडत नाही. एक मात्र झालं. येताना एका वळणावर मी विनाकारण गाडी थांबवली, बुंदीला उतरवलं आणि अर्धा तास नुसता बसलो. कुठलं काम उघडं पडलं नव्हतं. बरं वाटलं.

शनिवारी शैला येते आहे. तिला वाटतं, सुभेदार बिबट्यानं नेला. मीच तसं सांगितलंय. ती त्या कुत्र्यासाठी किती रडली होती, आठवतं? आणि मला समजावत होती, "दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिला मी सगळं सांगणार आहे. तिच्या चहाच्या आधी. नाहीतर चहानंतर, मग जेवणानंतर असं करत मी रविवार गाठीन आणि ती निघून जाईल. म्हणून आधीच. ती रागावेल. दोन दिवस बोलणार नाही. तिची आई जे माझ्यासाठी झाकून गेली, ते ती झाकणार नाही, आणि झाकूही नये. मी ऐकून घेईन.

हे वचन तुला देतो.

तुझा,
दत्तात्रय