दादाची पोरगी घरीच शिकतीय

माय,

तुझ्या नातीला मी शाळेतून चोरलंय. तू तिला बघितलं न्हाईस. तू गेलीस तवा मी चौथीत व्हतो अन् दादाला मिशी पण फुटली नव्हती. आता त्याची पोरगी सात वर्षाची हाय. दसरा झाला, दादा-वहिनी ऊसतोडीला गेले अन् जाताना पोरीला माझ्यापाशी ठिवलं, हिचं शाळेचं साल वाया जाऊ नये म्हणून. मला कोण नेतंय? मुकादम म्हणला, "कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी. आधी लगीन कर, मग ये." म्हणून मी घरी, म्हैस घरी अन् पोरगी घरी. तर मी काय केलं, शाळेत जाऊन सरांना सांगितलं की पोरगी आईबापासंगं उसाच्या फडावर गेली. अन् दादाला फोनवर सांगितलं, रोज शाळेत जाती. दोन्हीकडं पटलं. आपल्याकडं दरसाल निम्मी शाळा फडावर जाती, सर तरी कशाला शंका घेतील?

कावून केलं म्हणशील. गेल्या साली ती फडावरच व्हती, कोपीत, पाल्याच्या खोपटात. परत आली तवा बाकीची लेकरं धडाधडा वाचत व्हती अन् हिला पुस्तक कुठून धरावं ते कळंना. पोरं तिला 'पाचट' म्हणायला लागली. उसाचा वाळला पाला. कुण्या एकानं म्हणलं अन् सगळ्या वर्गानं धरलं. तवापासून सकाळ झाली की तिचं पोट दुखायचं. दादा गेल्यावर मी तिला कडंवर घेऊन निघालो, तर कालव्याच्या पुलापस्तोर गेलो अन् तिनं माझ्या सदऱ्यावर ओकून टाकलं. मी म्हणलं, जाऊ दे, नको जाऊ. मी शिकवतो तुला. दहावीत दोनदा गोता खाल्लेला माणूस, माय, निघाला शिकवायला.

शिकवायचं म्हंजी काय, तर मला तू केलतंस तेवढंच म्हाईत. मी गुरुजींच्या डब्यात बेडूक ठिवला व्हता अन् गुरुजींनी मला कानाला धरून घरी आणून सोडलं, आठवतंय का? तू भाकरी थापतीयस. मी दारात हुबा, आता लाटणं येतंय का चिमटा येतोय ते बघत. तू काहीच फेकत न्हाईस. चुलीतली राख पुढं वढतीस, हातानं सपाट करतीस अन् म्हणतीस, "बेडूक लिव."

"येत न्हाई."

"डब्यात ठिवाया येतो अन् लिवाया येत न्हाई व्हय रं?"

भाकर फुगली, मला दिली न्हाईस. मग माझं बोट तुझ्या पिठाच्या बोटात धरून तूच गिरवलंस. तू चौथी शिकलेली, तुझं अक्षर लई सरळ व्हतं. मला आजूक 'बेडूक' लिहिताना भूक लागती.

आता घरात गॅस हाय, पण अंघोळीच्या पाण्याला चूल हाय. तिची राख घेतली. पोरगी पहिल्या दिशी नुसती हात घालून खेळली, दुसऱ्या दिशी मी तिला म्हशीचं नाव लिहून दाखवलं, तर तिनं तीच राख म्हशीच्या अंगावर नेऊन लिवली. म्हणली, "जिचं नाव तिच्यावर." मला पटलं. मग घागरीवर घागर, कुलपावर कुलूप, सगळं घर कोळशानं काळं केलं आमी. बेरजेला ज्वारीचे दाणे घेतले. वजाबाकी शिकवायच्या येळंला कोंबडीनं दाणे खाल्ले. मी म्हणलं, "बघ, धा व्हते, आता किती राहिले?" तर म्हणती, "कोंबडी धर काका, पोटात मोजू." मी हसत बसलो. पण मला काय येतंय, माय? मी चुकीचं शिकवलं तर तिला ते चुकीचं कुठं नेऊन सोडंल? माझ्या हातचा 'ख' मलाच कधी कधी 'रव' वाटतो. अन् संध्याकाळी दादाचा फोन येतो. मागं ट्रॅक्टर घुरघुरत असतो, दादा वरडून इचारतो, "आज काय शिकवलं गं सरांनी?" अन् ही माझ्याकडं बघत बघत सांगती, "बाराखडी." म्हंजी लिवायच्या आधी मी तिला खोटं बोलाया शिकवलं.

तरी वाचायला लागली बग. खताच्या पोत्यावरचं वाचती, काड्याच्या पेटीवरचं वाचती. माजलगावच्या बाजारात घेऊन गेलतो तर दुकानाच्या पाट्या वाचत वाचत उशीर केला, शेवटची जीप गेली अन् खांद्यावर आणली तिला.

मग मागल्या आठवड्यात सर वस्तीवर आले, मोटारसायकल घेऊन. फडावर न गेलेली लेकरं हुडकत व्हते. गाडीचा आवाज आला की मी पोरीला म्हणलं, "लपाछपी! पळ कडब्याच्या गंजीमागं, आवाज काढला की राज्य तुझ्यावर." सर अंगणात आले. आजूबाजूच्या समद्या घराला कुलपं, मी एकटाच हुबा.

"कारं, पोरगी कवा येणार?"

"गुढीपाडव्याला येत्याल सर."

सर भिताडाकडं बघायला लागले. "अन् ही बाराखडी कुणी काढली?"

"मीच की. दहावीचा सराव."

"दहावीला बाराखडी आली का बे आता?"

"पायापासून सुरू केलंय सर, या टायमाला."

सर हसले. गाडीला किक मारली अन् मग जाता जाता म्हणले, "पोरगी हुशार व्हती रं ती. मी पोरांना झापलंय, आता नाव ठिवत न्हाईत कुणी. आली की लगीच पाठव. तिला मी मागं पडू देत न्हाई." गाडी कालव्याच्या पल्याड गेली तरी मी तिथंच हुबा.

पोरगी गंजीमागून आली, डोक्यात कडबा. तिनं समदं ऐकलं व्हतं.

"काका, सर मला हुशार म्हणले."

"व्हय."

"मग मी उद्या शाळेत जाती. आता मला वाचता येतंय."

पोट दुखतंय का म्हणून इचारलं, तर न्हाई म्हणली. ती गेली तर सरांना कळंल मी खोटं बोललो, सरांकडून दादाला कळंल, अन् दादा तिथूनच माझं कातडं सोलंल. मी म्हणलं, "उद्या सुट्टी हाय." दुसऱ्या दिशी पण म्हणलं, सुट्टी. ती रोज येणी घालून, चप्पल घालून दारात बसती, अन् मी रोज एक सुट्टी काढतो. काल तिनं इचारलं, "सुट्टी हाय तर घंटा कावून वाजती, काका?" मी म्हणलं, "सर घंटा वाजवायचा सराव करत्यात." मला येरवी असलं सुचलं की मीच आधी हसतो. काल ती पण हसली न्हाई अन् मी पण न्हाई.

अन् माय, दादाच्या माराचं मी तुला सांगितलं ते पण पुरं खरं न्हाई. मार मी लई खाल्लाय. ती शाळेत गेली की सकाळपासून तिनीसांजंपस्तोर या वस्तीवर म्हैस अन् मी. तू गेलीस तवा पण घर असंच झालतं. ती भितीय म्हणून न्हाई, आता मीच भितो म्हणून ती घरी हाय.

हे तुला कुठं धाडू? तुझ्या गावाला टपाल जात न्हाई. ती आता दारातून हाका मारतीय, "काका, आज?" मला तिला काहीतरी सांगावं लागंल. तू फकस्त एवढं कर, हात जोडतो, कुणाला बोलू नको. आमचा बाप, आबा पण तिकडं तुझ्यापाशीच असंल, त्याला तर मुळीच सांगू नको.