बारा महिन्यांच्या लेखनाची वही

मी, संतराम धोंडजी कावरखे, वय एकसष्ट, धंदा शिक्षकाचा, राहणार गोरेगाव, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, भरीस पाडलेले नाही, आणि डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र साथ देत नाही. मृगात शाळा उघडेल तेव्हा मी वर्गात नसेन असे वैद्यांचे मत आहे आणि माझेही तेच आहे. घर आणि शेत यांची व्यवस्था सोपी आहे. खरी काळजी एका वहीची आहे. मिडल शाळेच्या मुलांना वर्षभर लिहायला कसे शिकवावे हे तिच्यात आहे. ती चालवणारे माणूस मिळाले नाही तर वही रद्दीत जाईल आणि मुले पुन्हा कित्ता गिरवत बसतील.

कलम पहिले. राहते घर माझी पत्नी मंजुळाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत. तिने माझ्याबरोबर तीस वर्षे वर्गणीवरच्या शाळेचा संसार केला. ओसरी मी वर्गासाठी राखून ठेवतो असे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "घर मला आन् ओसरी पोरांला. मंग मी पाय कुठं पसरू?" दुसऱ्या दिवशी तिनेच कणगी आत ओढून ओसरी मोजली आणि बावीस लेकरे मावतात असा हिशेब मला सांगितला. तिचे उपकार कलमात मावत नाहीत.

कलम दुसरे. साखऱ्याचे शेत मुलगा रामकिशन यास. तो हिंगोलीला रेल्वेत आहे. त्याचे पत्र तीन ओळींचे असते, पण तिन्ही ओळी कामाच्या असतात. बाप म्हणून मला चार ओळी जास्त आवडल्या असत्या. शिक्षक म्हणून तक्रार नाही.

कलम तिसरे. माझी छत्री शाळेचे पंच भावसिंग यांना. ती तीन पावसाळे त्यांच्याकडेच आहे, आता मनावर ओझे ठेवू नये. शिक्षणखात्याच्या साहेबांपुढे "हे मास्तर पोरांला शेणाची टोपली न् बैलाच्या मारामारीवर लिवाय लावतात" असे त्यांनी सांगितले होते, त्याचा राग मी बारा वर्षे जपला. तोही या कलमाने सोडतो. बैलांच्या मारामारीवरचा तो निबंध फार चांगला होता, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

कलम चौथे, वहीबद्दल. ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय कोणाला द्यायची ते कळणार नाही.

सोळा वर्षांमागे माझा वर्ग ठरलेल्या नमुन्यावर चाले. पत्र म्हटले की आधी मायना, मग "इकडील सर्व खुशाल", मग मजकूर. मायना चुकला की दोन गुण कापत असे. नासेर कलईवाले यांची मलिका तेव्हा अकरा वर्षांची, वर्गात सर्वांत हुशार. नासेरभाई भांड्यांना कलई करायला हिंगोलीच्या बाजाराला गेले होते. घरी तिची आई अख्तरी तापाने पडली. मलिका कार्ड घेऊन माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "गुरुजी, अम्मीला लई ताप हाये. तरी बी सगळं खुशाल लिवायचं का?"

मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "आधी मायना. मग मजकूर."

तिने माझ्या शिकवणुकीबरहुकूम लिहिले. ताप पाचव्या ओळीत आला. हिंगोलीला नासेरभाईंना एका दुकानदाराने कार्ड वाचून दाखवले. मध्येच गिऱ्हाईक आले म्हणून दुकानदार पहिल्या दोन ओळी वाचून थांबला आणि म्हणाला, सगळे खुशाल आहेत. नासेरभाई आणखी चार दिवस राहिले. ते परतले तेव्हा अख्तरीला माती देऊन झाली होती.

मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी मला हाकलले असते तर मी तसाच परतलो असतो. ते म्हणाले, "मास्तर, पोरगी शाळेतून काढणार न्हाई. तिला लिवता येतं. आता तुमी बराबर शिकवा." या एका वाक्यावर माझी पुढची सोळा वर्षे उभी आहेत. त्या माणसाचा मी जन्मभराचा ऋणी आहे.

त्या उन्हाळ्यात जुना नमुना चुलीत घातला आणि नवी वही केली. ज्येष्ठात मुलाने शाळेपासून आपल्या घरापर्यंतची वाट लिहायची. दुसऱ्याने ते वाचत चालायचे, आणि चुकला तर लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचे. श्रावणात एखाद्या जाणत्याला त्याचे काम विचारून लिहायचे आणि त्यालाच वाचून दाखवायचे. तो "व्हय" म्हणेल तेव्हा गुण. भाद्रपद-आश्विनात शेजाऱ्यांची पत्रे: जे घडले ते पहिल्या ओळीत, आणि दुमडण्याआधी शेवटपर्यंत वाचून दाखवायचे. दिवाळीनंतर अर्ज. हरभऱ्याच्या दिवसांत निम्मी मुले शेतावर असतात, म्हणून बांधावर उभ्याने लिहायचे, जे दिसते तेच. माघात एक भांडण, दोन्ही बाजूंनी. चैत्रात नवे काहीच नाही. वर्षभराचे जुने पुन्हा लिहायचे.

कलम पाचवे. ही वही आणि ओसरीतला वर्ग मी मलिकेला देऊ इच्छितो. ती आता फारुक शिंप्याची पत्नी आहे, दोन लेकरांची आई आहे, आणि निम्म्या गावाची पत्रे तीच लिहिते. पंच म्हणाले, "बाईमाणूस वर्ग कसा सांभाळंल?" ओसरी माझी आहे, तिथे पंचांचे चालत नाही. मुलांना यायला आडकाठी करणार नाही एवढे भावसिंगांनी कबूल केले, त्याबद्दल त्यांचे आभार.

मलिकेने मात्र आठ दिवस हो म्हटले नाही. वही वाचायला नेली. काल ती घेऊन आली आणि पहिले पान उघडून माझ्यापुढे धरले. त्या पानावर दरवर्षी वर्गाला सांगायची गोष्ट लिहिलेली आहे. मी ती अशी लिहिली होती: "एका मुलीने पत्र चुकीचे लिहिले आणि तिची आई दगावली." सोळा वर्षे मी हेच वर्गाला सांगत आलो, नाव न घेता, आणि त्यात आपला मोठेपणा समजत आलो. पहिली दोन वर्षे ती त्याच वर्गात बसलेली होती.

तिने ते वाक्य खोडून खाली लिहिले होते: "मुलीने विचारले होते. गुरुजींनी मान वर केली नाही."

"वर्ग मी घेईन," ती म्हणाली. "पण हे पान आसंच राहील."

मी ते दोनदा वाचले. बरोबर आहे. म्हणून लिहून देतो की आजपासून वही मलिकेची, आणि तिच्यात माझे जे जे लिहिलेले आहे ते खोडण्याचा पूर्ण अधिकार तिचा. त्यावर माझ्या मुलाची, पंचांची किंवा माझी हरकत चालणार नाही.

सही: संतराम धोंडजी कावरखे

वरील कागद आमच्यासमोर वाचून दाखवला व सही झाली. साक्षीदार:
भावसिंग, पंच (सही)
नासेर, कलईवाले (निशाणी अंगठा डाव्या हाताचा)

मुक्काम गोरेगाव. वैशाख वद्य पक्ष, शके १८६८, फसली १३५५; तारीख २२ मे १९४६.