विहीणबाईंच्या फुलाची जुनी सूज

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला? इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची फार इच्छा आहे.

तुम्ही आमच्या लेकीचं लग्न जमवलंत, तेव्हा होणाऱ्या विहीणबाई चित्रं काढतात हे सांगितलंत. कशी काढतात, हे मात्र शिताफीने टाळलंत. परवा त्यांनी एक भलंमोठं चित्र पाठवलं. सोबत निरोप, की फूल आहे, बघून काय वाटलं ते मोकळेपणाने सांगा. मामा, काळ्या-तांबड्या रंगांची नुसती हाणामारी आहे हो! आमच्या हिला त्यात विहीणबाईंचा आपल्यावरचा राग दिसला (बैठकीत चहा गार होता ना). चिरंजीव म्हणाले, उलटं धरलंय. उलटं केलं, तरी हाणामारी तशीच. लेक म्हणते, "बाबा, फूल कसं दिसतं ते नाही, ते बघून त्यांना काय वाटलं ते काढलंय." आता हिला काय वाटतं तेच मला एवढ्या संसारात कळलेलं नाही, तिथे विहीणबाईंचं काय कळणार?

माझा जन्म गेला इस्पितळात एक्स-रे काढण्यात. काढायचं काम आपलं, अर्थ लावायचं डॉक्टरांचं. सवयीने मी चित्र खिडकीच्या उजेडावर धरलं, डाव्या-उजव्याची खूण शोधली (नाही), आणि तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन! लेक समोर हात जोडून उभी. मी गडबडलो आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो, "थोडी सूज दिसतेय, पण जुनी आहे. घाबरू नका, डॉक्टरांना दाखवून घ्या." मग फोन बंद. तेव्हापासून लेक दार लावून बसली आहे, ही माझ्याशी बोलत नाही. पोरीचं लग्न माझ्या जिभेने मोडलं, या विचाराने घास उतरत नाही. मामा, काहीही करून मध्ये पडा.

तुमचा,
पुरता गोंधळलेला भाचा

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच विहीणबाई दारात. डोळे लाल. ते फूल त्यांनी यजमान गेले त्या वर्षी काढलं होतं म्हणे. आजवर सगळे 'रंग छान' म्हणाले, आतलं दुखणं मीच पहिल्यांदा ओळखलं! लग्न पक्कं. (मी चेहरा जाणत्यासारखा ठेवला.)

आणखी एक. रविवारी त्या उरलेली सगळी चित्रं मला दाखवायला आणताहेत. तुम्ही शनिवारीच या, आणि आधी या चित्रात फूल कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा.