लीड्सच्या फायरप्लेसबद्दल बहारीनहून सल्ला

जिदहफ्स, बहारीन

माननीय व्याहीबुवा केशवराव,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं आमच्या सौ. मालूकडून कळलं, फार बरं वाटलं. विहीणबाई चंपाबाईंनाही जय भीम सांगा. त्यांनी पाठवलेल्या सांडग्या मिरच्यांवरून आम्ही नवराबायको अजून भांडतो. इकडे ऑक्टोबर निम्मा झाला तरी उन्हाचा माज उतरलेला नाही, दुपारी गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागतं. (फॅमिली ग्रुपवरच लिहिलं असतं, पण तिथं श्रावस्ती आहे. म्हणून या कागदाचा फोटो फक्त तुमच्या फोनवर पाठवतोय.)

तर विषय स्टोव्हचा. माझ्या लेकीनं, श्रावस्तीनं, आणि तुमच्या निहारनं इंग्लंडात, लीड्सला जुनं घर घेतलं, त्यात भिंतीतली फायरप्लेस आहे, आणि तिच्यात कुठला स्टोव्ह बसवावा हे पोरीनं फोन करून विचारलं. कुणाला? तुम्हाला! अहो, तिचा बाप अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात भट्टीसमोर उभं राहून म्हातारा झाला, आणि पोरगी आगीबद्दल सासऱ्याला विचारते! तुमचा मान मोठाच (वनखात्याच्या डेपोत तुम्ही पाहिलं तेवढं लाकूड कुणी पाहिलं नसेल), पण लाकूड मोजणं निराळं आणि जाळणं निराळं. मला हे कळलं मालूकडून, आणि मालूला विहीणबाईंकडून. राग आला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी जेवलो नाही. (म्हणजे घरी जेवलो नाही.)

तुम्ही तिला फक्त लाकडाचा स्टोव्ह घ्यायला सांगितलात म्हणे. माझं मत मल्टिफ्युएलचं. लाकूड राखेच्या थरावर, वरच्या हवेनं छान जळतं. कोळशाला हवा खालून लागते, म्हणून जाळी हवी. मल्टिफ्युएलमध्ये दोन्हींची सोय. लाकूड ओलं निघालं तर पोरं बिनधुराचा कोळसा टाकतील, उगाच कुडकुडत बसणार नाहीत. एखादा प्रत्यक्ष पाहावा म्हणून मी मनामाच्या जुन्या बाजारात हिंडलो. ताहिर नावाच्या दुकानदाराला म्हटलं, घर गरम करायचा स्टोव्ह दाखव. त्या भल्या माणसानं आधी मला पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं, मग मफी मफी (नाही, नाही) करत ऊद जाळायचं धुपाटणं पुढे केलं. शेवटी घरी येऊन मीच फ्रिजच्या खोक्यातून खऱ्या मापाचा पुठ्ठ्याचा स्टोव्ह कापला, हॉलच्या भिंतीला टेकवला, एसी सोळावर टाकला, आणि खुर्ची किती लांब हवी ते ठरवायला स्वेटर घालून समोर बसलो. तेवढ्यात मालू भाजी घेऊन आली. म्हटलं, आता माझा उद्धार होणार! तर बाई शाल घेऊन शेजारी येऊन बसली, आणि म्हणाली, "श्रावस्ती इथं बसेल ना हो?" मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. एसीचं पाणी गळून गालिचा भिजला, तरी कुणी उठलं नाही. पोरीचं घर आम्ही अजून पाहिलेलं नाही. कधी व्हिसा, कधी रजा, काहीतरी आडवं येतंच. फार आठवण येते हो तिची.

असो. स्टोव्ह लहानच घ्यायला सांगा. छोट्या खोलीत मोठा घेतला की तो सारखा मंद ठेवावा लागतो, आणि त्याच्या दाराची काच काळी पडते.

तुमचा,
सुजीत

ता. क. हा सल्ला तुमचा म्हणूनच द्या, माझं नाव काढू नका. मी काही सांगितलं की ती "ओके पप्पा" म्हणते, आणि खलास.

आणखी एक ता. क. दर शुक्रवारी मी फोनवर विचारतो, थंडी वाजते का गं? ती म्हणते, "आय अ‍ॅम फाइन, पप्पा." घर गार पडतं हे तिनं तुम्हाला सांगितलं, मला नाही. तेव्हा लाकडाचा घ्या, कोळशाचा घ्या, तुम्हाला पटेल तो घ्यायला सांगा. फक्त स्टोव्ह पेटला की तिला विचारा, आता ऊब मिळते का, आणि ती काय म्हणाली ते मला कळवा. तुम्हाला ती खरं सांगते.