बारीक लेकरू

निवृत्ती,

तानूले आन् बाळाले घेऊन मी खामगावच्या दवाखान्यात जाऊन राह्यली. रात्रीपासून बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलं. भाकरी शिंक्यावर आहे. तुळशीले पाणी घालून दिवा लाव, माझा नेम चुकू देऊ नको.

तानू विड्या ओढत होती, हे मले आजच समजलं. पहिलं लेकरू बाळंतपणात अडून गेलं, त्याचा धाक होता तिले. वावरातल्या बायांनी सांगितलं, विडी ओढली का लेकरू बारीक होते, सुटका सोपी जाते. तसंच झालं रे.

तू बायकोवर ओरडू नको, बापा. आताच मले पुसे, "आत्याबाई, मी विडी सोडली तर वाढेल ना ते?"

वारा लागू नये म्हणून मी पदरानं बाळाचं तोंड झाकलं.

तुझी माय